राजाचा गाल

अँटवर्पमध्ये राजाला पाहिलेलं कुणीच नव्हतं.
तो पाचशे कोस दूर,
आणि आमच्याकडे आलं ते त्याचं तैलचित्रही नव्हे,
तैलचित्रावरून खडूनं उतरवलेला एक कागद,
घडी पडलेला, गालाच्या बरोबर मधून.
सोबत दरबारी कारकुनाचं पत्र:
गालावर ठिपके नकोत.

लीवेन हसला. मग हसायचा थांबला.
कातडीची सावली ठिपक्यांनीच पडते
हे शिकण्यात त्याची सात वर्षं गेली होती.
चिलखताला उभ्याआडव्या रेघांची जाळी,
मखमलीला जाड, खेटून,
आणि गालाला टिंबं, खसखस सांडल्यासारखी.
पण राजाला लहानपणी देवी आल्या होत्या
आणि ते तांब्यालासुद्धा कळू द्यायचं नव्हतं.

मग त्यानं नुसती रेघ घेतली.
नाकपुडीपासून निघून कानाकडे जाणारी,
सावलीत फुगणारी, उजेडात केसाएवढी होणारी.
तिच्याशेजारी दुसरी.
वाळूच्या उशीवर पत्रा ठेवून
तो कोरणी स्थिर धरायचा, पत्राच फिरवायचा,
झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवावं तसा.
मेणबत्तीपुढे पाण्यानं भरलेला काचेचा गोळा,
त्यातून नाण्याएवढा उजेड.
पाच महिने एका गालाला.
डाव्या. म्हणजे छापल्यावर उजव्या.

मी डिम्फना. माझं काम पुसायचं.
शाई भरायची, चिंधीनं काढायची,
मग तळव्याला खडू चोळून शेवटचा हात.
जास्त पुसलं तर राजा आजारी,
कमी पुसलं तर कोळसेवाला.
माझ्या हातावरच्या रेषा काळ्या झाल्या कायमच्या.
जत्रेतली हात बघणारी म्हणाली,
बाई, इतकं स्पष्ट नशीब मी पाहिलं नाही.
आणि पुढे काहीच बोलली नाही.

पहिल्या पन्नास प्रती रेशमावर, वकिलातींसाठी.
एक म्हणे कुठल्याशा राजकन्येला गेली
आणि तिनं त्या गालाला होकार कळवला.
मग जकातीचं नाकं, मग न्यायाधीशाची भिंत,
मग बाजार, दोन दमड्यांना एक.
न्हावी यूस्टास गिऱ्हाइकाला विचारायचा,
मिशी यांच्यासारखी करू?
मिठाचा कर वाढला तेव्हा एका हमालानं
सराईतल्या राजाला चिखल फासला.
फटके मात्र खरे बसले, चौकात, वीस.
कागद आम्ही दुसरा दिला. फुकट.

बाराशेव्या प्रतीला तांबं दमलं.
बारीक रेघ आधी जाते.
जाते म्हणजे तुटते, तुकडे उरतात,
आणि तुकड्यांना लांबून ठिपके म्हणतात.
सकाळी दोरीवर ओले कागद वाळत होते,
आणि एकेका राजाच्या गालावर
देवी परत आल्या होत्या.

मला ते वण ओळखू येतात.
सातव्या वर्षापासून आरशात तेच बघते.
लीवेनला मी त्या दिवशी सांगितलं नाही.
चाळीस प्रती तशाच गेल्या.
पाववाल्या योसिनानं एक उजेडात धरली, म्हणाली,
हा बरा वाटतो गं. हा कुणाचातरी मुलगा वाटतो.

दुसऱ्या दिवशी लीवेननं रेघा पुन्हा खोल केल्या.
गाल पुन्हा गुळगुळीत. पुन्हा कुणाचाच नाही.

अमरपट्टा घेऊन कुणी येत नाही.
वसंतात घंटा वाजल्या, काळं कापड महागलं,
आणि पत्र आलं: नवा राजा, लवकर.
नवा पत्रा कोण घेतो?
चिलखत तेच, लेस तीच,
खाली पाद्रीबुवांनी ओळीमागे पैसे घेऊन रचलेलं
लॅटिन कवनही तेच, उलट्या अक्षरांत.
लीवेननं पत्रा पालथा घातला
आणि पाठीमागून हातोडीनं
तोंड तेवढं सपाट केलं. मग घासलं.

आठवडाभर पत्र्यावर टोपाखाली कुणी नव्हतं.
बाकीच्या रेघा धड आहेत का बघायला
एक प्रत काढली.
मी नेहमीसारखी पुसली होती, सवयीनं, गालाची जागा जपून.
कागद उचलला तर त्या रिकाम्या जागी
फिकट करड्या शाईत
माझ्या तळव्याच्या रेषा.

लीवेन बराच वेळ बघत राहिला.
नीट पूस, एवढंच म्हणाला.
कागद मात्र त्यानं दोरीवर टाकला नाही.